श्रीरंगचं शून्य

पाठीला जखमा होईपर्यंत म्हाताऱ्या बापाला खोलीत डांबून ठेवणारा ढगे सकाळी निर्दोष सुटला. आणि त्याला सोडवलं कुणी? डॉ. मृणाल टिपणीस यांच्या उपेक्षामापकाने.

उपेक्षाबंदी कायद्यानुसार प्रत्येक परावलंबी माणसाच्या दंडावर या मापकाची चकती असे. हेळसांड होणाऱ्या माणसाच्या रक्तात एक द्रव्य साठत जातं. चकती ते मोजते; ते मर्यादेबाहेर गेलं की चकती लाल होते आणि सांभाळणारा थेट तुरुंगात. साक्षीदार फितूर होतात, रक्त होत नाही, असं मृणाल तोऱ्यात सांगायची. पण ढगेच्या बापाचा आकडा मर्यादेतच निघाला होता.

ती प्रयोगशाळेत आल्यावर तिचा सहकारी इरफान मुजावर याने दार लोटून घेतलं. त्याने मालेगावला आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला चकती लावून पाहिली होती. दोन खोल्यांत भरलेलं घर. म्हातारीच्या कॉटवरच पोरं अभ्यास करतात, सुना तिथेच भाजी निवडतात. तिचा आकडा उणे आला होता.

उणे येणं शक्यच नाही, मृणाल म्हणाली. शून्य म्हणजे उत्तम सांभाळ, त्याच्याखाली काय असणार?

"शून्य घेतलं कुणावरून, मॅडम?"

"श्रीरंगवरून."

श्रीरंग तिचा धाकटा भाऊ, जन्मापासून लुळा, वाचा नसलेला. वेळेवर जेवण, स्वच्छ चादरी, दोन परिचारिका. याहून चांगला सांभाळ कुणाचा असणार, म्हणून तिने त्याचंच रक्त प्रमाण धरलं होतं.

"तुम्ही त्याच्याजवळ बसता कधी?"

मृणालला संताप आला. उत्तर द्यायला ती आठवू लागली, आणि तिला खरोखरच आठवेना.

शून्य आजीच्या आकड्यापर्यंत खाली आणलं तर ढगेचा खटला पुन्हा उभा राहणार होता, त्याच्यासारख्या शेकडो जणांचे उभे राहणार होते. श्रीरंगची चकतीही लाल होणार होती. एवढी एक चकती वगळू, इरफान हळूच म्हणाला.

"मग ढगेत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

तिने शून्य दुरुस्त केलं. लाल झालेल्या प्रत्येक चकतीची, श्रीरंगच्याही, पोलिसांना सूचना आपोआप गेली.

ती घरी आली आणि श्रीरंगच्या पलंगावर बसली. त्याच्याशी काय बोलायचं, हे तिला सुचेना. तिने नुसताच त्याचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळाने चकतीवरचा आकडा एका अंकाने उतरला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.