बॅटरीची उलटी टोकं

पहिली भेट झाली ती जिन्यात, आणि तीही डोक्यावर डोकं आपटून! ती धावत वर निघालेली, तो ओली छत्री झटकत खाली येणारा. टेंगूळ आलं तिला, आणि "माफ करा" म्हणून हसला तो... हळूच, डोळ्यांतल्या डोळ्यांत. तिथेच तिचं डोकं फिरलं.

ती दातांची डॉक्टर. आवाज असा, की तिने "आ करा" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या सलूनमधलं गिऱ्हाईकही तोंड उघडायचं. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा मास्तर. इतका थंड, की त्याच्या हातातला चहा आपोआप निवतो असं लोक शपथेवर सांगत. खचलेल्या माणसांचे फोन घेणाऱ्या एका संस्थेत दोघं संध्याकाळी प्रशिक्षणाला येत.

एकदा प्रशिक्षणाच्या वर्गात मास्तर म्हणाला, "प्रत्येक गोष्टीच्या पोटात तिच्या विरुद्धची गोष्ट दडलेली असते."

"असं? मग रागाच्या पोटात काय असतं हो?" तिने तावातावाने विचारलं.

"ते ज्याचं त्याने बघावं," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

झालं! वर्ग खिदळला. दोन टोकं, आता जोडी जमणारच, म्हणून जो तो चिडवू लागला.

"मी काय बॅटरी आहे, उलटं टोक शोधून जोडायला?" ती कडाडली. आणि तिचं काय चुकलं, सांगा! कुणीही उठावं, धडधाकट माणसाला अर्धं ठरवावं, वर उरलेलं अर्धं हातात आणून द्यावं... हा कुठला न्याय?

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई फोनवरच्या वर्षभराच्या ड्यूटीसाठी जोड्या लावणार होत्या. तिने आधीच ठणकावलं, "कुणीही चालेल, हे मास्तर नकोत."

"मग खुर्च्या बदला," बाई शांतपणे म्हणाल्या.

वर्गाची रीतच होती ती. दोघांचं बिनसलं की एकमेकांच्या खुर्चीत बसायचं आणि समोरचा होऊन बोलायचं. बरोबर की चूक, ते ज्याचं मन त्याने सांगायचं.

मास्तर तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मान उडवली, आवाज चढवला. "तो माणूस खांबामागे लपतो, तोंडातून शब्द काढत नाही, मला संताप येतो!" मग आवाज उतरला. "...आणि तो आला नाही, की त्याहून जास्त येतो."

"खोटं! बाई, हे काहीही—"

"आधी तुम्ही बोला," बाईंनी अडवलं.

ती फणकाऱ्याने खांबामागच्या खुर्चीत जाऊन आदळली. मानेवर टपकन थेंब पडला. वर छत गळत होतं. पंख्याचा वारा नाही, फळा दिसत नाही... अशा जागी कोण शहाणा बसेल? तिने समोर पाहिलं. खांबाच्या कडेने खोलीतली एकच गोष्ट दिसत होती— खिडकीजवळची तिची खुर्ची.



"मी... मी थंड नाही," ती त्याच्या वतीने म्हणाली. "मला टोक म्हणतात, तेव्हा मीही चिडतो. फक्त गिळतो. इथे गळतं, तरी इथेच बसतो. कारण इथून..."

"इथून काय?" बाईंनी विचारलं.

"इथून ती दिसते."

"मास्तर, बरोबर की चूक?"

"बरोबर," तो म्हणाला. कान लालभडक! "आणि मी बोललो ते, डॉक्टर?"

"चूक! साफ चूक!" ती ताडकन उठली. "संताप येतो म्हणे! अहो, परवा तुम्ही आला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी दाढ काढता काढता रडले मी. पेशंट विचारतोय, डॉक्टर, दाढ माझी आणि रडताय तुम्ही? पुन्हा न सांगता दांडी मारून तर बघा!"

"नाही मारणार," तो पुटपुटला. "...कधीच."

बाईंनी चष्मा सारखा केला. "मग लावू ना तुमची जोडी?"

"ती लावणाऱ्या तुम्ही कोण? आमचं आम्ही बघू!" दोघं एकदम ओरडले.

आणि खरं सांगतो, आवाज मास्तरचा मोठा होता.