परतीचं सामान

संघपालचा ट्रक चिकलठाण्यात बंद पडला तो नेमका निशाच्या शेडसमोर. गॅरेज तिचं, पाना तिचा, अन् जीभ तर त्या पान्यापेक्षा कडक!

जुना डिझेल ट्रक. मागं पत्र्याची खोली केलेली... शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर. निम्मं काम त्याच्या भावानं, अतुलनं केलेलं. दोघं मिळून लडाखला जाणार होते. मग पैठण रोडला दोघांची बाईक घसरली. चालवत संघपाल होता. वाचलाही तोच.

"बाकीचं तुम्ही बसवून द्या," तो म्हणाला.

"पलंग लई अरुंद आहे हो. बायकोला काय टपावर झोपवणार?"

तो हसला — अर्धाच. अन् त्या अर्ध्या हसण्यात निशा पुरती कामातून गेली.

इंजिन दुरुस्त झालं, बाकीचंबी सगळं बसलं. शेवटी तिनं विचारलं, "डिझेल फिल्टर जास्तीचे किती देऊ? फॅनबेल्ट? स्टेपनी?"

"नाय लागत."

"अहो, लडाखला निघालात, इथल्या पिशोरला नाय!"

"जाण्यापुरतं आहे ना? मग बास."

निशाचा हात थांबला. "आणि... येताना?"

तिनं पुढं केलेली स्टेपनी त्यानं परत शेडात लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सेल्फ मारला. इंजिन खोकलं अन् गप्प झालं.

"डिझेलच्या लाइनीत हवा शिरली," निशा म्हणाली. चेहरा कसा, एकदम साळसूद!

त्यानं इंजिनावरचा हातपंप मारायचा, तिनं डिझेलातले बुडबुडे बघत बसायचं. पंप मारता मारता तो अतुलचं बोलायचा. कधी बोलता बोलता पंपावरच डोकं टेकायचा. निशा बुडबुड्यांवरची नजर काढायची नाय... तिच्यानं त्याच्याकडं बघवायचंच नाय.

हवा निघेस्तोवर ऊन डोक्यावर. "आता कुठं निघता? उद्या जा."

अन् उद्या परत हवा! रोज संध्याकाळी तो घरी आईकडं गेला की लाइनीचा नट कोण सैल करतं, हे काय सांगायला पाहिजे? बाईंच्या ओढणीला डिझेलचा वास यायचा.

एक दिवस ती आली तर इंजिन चालू. संघपाल स्टेअरिंगवर. ती पळतच खिडकीशी गेली.

"हवा... निघाली?"

"नट आवळला. पहिल्याच दिवशी दिसला होता मला."

"मग रोज पंप का मारत बसलात?"

"दुसऱ्या दिवशी यायला काहीतरी पाहिजे होतं, निशा..." त्याचा आवाज फाटला. "आई रोज ताट वाढून दारात बसते. अतुल गेल्यापासून काल पहिल्यांदा मी तिच्यासंग जेवलो." मग हात पुढं करून म्हणाला, "ते फिल्टर दे. बेल्टबी. स्टेपनीबी."

"कशाला?" तिला ऐकायचंच होतं.

"परत यायला."

निशानं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. डोळे पुसले तर हाताचं ग्रीस गालाला लागलं.

"उतरा खाली. पलंग रुंद करायचाय."

तो उतरला. अजून अर्धाच हसत... पण उतरला.