अकराचा फोन

त्या वर्षी भोकरनेर नगरपरिषदेची निवडणूक लागली कधी आणि अर्ध्यावर आली कधी, हे गावाला नीटसं कळलंच नाही. भोंगा नाही, फलक नाही, हात जोडून दारात उभं राहणारं कुणी नाही. फोनवरसुद्धा उमेदवाराचा चेहरा दिसेनासा झाला होता. दहा वर्षांपूर्वी याच फोनांवर प्रचाराचा असा भडिमार व्हायचा, की लोक न बघताच पुसून टाकायचे. आता सगळं शांत होतं. फक्त माणसं एकमेकांना जरा जास्त फोन करत होती, जुने मित्र अचानक घरी येत होते, आणि चहा पिता पिता कुठून तरी बंद पडलेल्या प्रसूतिगृहाचा विषय निघत होता.

तुळशीराम गवांदे यांना ही शांतता मुळीच मानवत नव्हती. वय सदुसष्ट, त्यातली चाळीस वर्षं वॉर्ड सातची मतदारयादी काखेत मारून हिंडण्यात गेलेली. आपला मतदार असला की नावापुढे टिक, समोरच्याचा असला की फुली, कळत नसेल तर गोल. आता हे सोपं वाटेल, पण भोकरनेरात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. जो तो 'बघू' म्हणतो. ते 'बघू' ओळखणं ही तुळशीरामांची विद्या. नजर चुकवून आलेलं 'बघू' म्हणजे फुली, 'बघू की' म्हणजे टिक, आणि 'बघू' म्हणून पाठोपाठ 'चहा टाकू का' आलं तर गोल. गोल माणसाकडे दुसरी फेरी मारायची. उमेदवार बदलले, पण या विद्येला कुणी आव्हान दिलं नव्हतं.

यंदा मात्र घरात एक गोष्ट चांगली घडत होती, आणि त्यामुळे ते फारसे कुरकुरत नव्हते. गेले अठरा दिवस रोज सकाळी अकराला हर्षदाचा फोन येत होता.

हर्षदा त्यांची एकुलती एक मुलगी, सुरतेला असते. अडीच वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं नोंदणी पद्धतीचं लग्न केलं, तेव्हा नेमकं इकडे पोटनिवडणुकीचं मतदान होतं. तुळशीराम मतदान केंद्रावर बसले. बायकोलाही म्हणाले, मतदान होऊन जाऊ दे, मग दोघं जाऊ. हर्षदा फोनवर एवढंच म्हणाली, "यादी झाली की कळवा." त्यानंतर अनुसयाबाईंनी चार वेळा फोन लावला, तिनं उचलला नाही. तुळशीरामांनी एकदाही लावला नाही, आणि ही गोष्ट त्यांना रोज जेवताना आठवायची.

आता फोन आला की अनुसयाबाई ओट्यावरचं काम तसंच टाकून यायच्या. कुरडयांचा चीक किती घट्ट ठेवायचा, गुडघा कसा आहे, मधेच "तिथलं प्रसूतिगृह बंदच आहे का गं अजून? मी तिथंच झाले ना?" असं बरंच काही चालायचं. तुळशीराम बाहेर पायरीवर वर्तमानपत्र उलटं धरून ऐकायचे. अनुसयाबाई पुन्हा पोटभर जेवू लागल्या होत्या.

मतदानाला आठ दिवस उरले तेव्हा शैलजाताईंच्या प्रचार कार्यालयात जुन्या कार्यकर्त्यांना बोलावणं आलं. शैलजाताई म्हणजे त्यांच्या उमेदवार. कार्यालय एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत होतं. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचा रंगवलेला पडदा तसाच होता. प्रत्येकाला फोनवरची यादी दिली आणि ओळखीच्या नावांवर खुणा करा म्हणून सांगितलं. तुळशीरामांनी चाळीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे आधी घरची दोन नावं काढली आणि दोन टिका केल्या. कार्यकर्ता घरच्यांना कधी विचारत नाही. ती मतं धरूनच मोजणी सुरू होते.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अनुसयाबाईंनी शेजारच्या शिंपिणीकडून स्वतःच्या फोनवर घंटी वाजवून घेतली. ती वाजली. मग त्यांनी आपणहून लावला. हर्षदानं उचलला. "कामात आहे गं, करते नंतर," म्हणाली आणि ठेवला. त्या दिवशी अनुसयाबाईंनी ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली.

"काही बोललात का तिला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी कधी बोलतो तिच्याशी?"

"तेच म्हणते मी."

तुळशीरामांच्या मनात पाल चुकचुकली. अठरा दिवस न चुकता येणारा फोन आपण टिक केल्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबतो, हा योगायोग त्यांना पटेना. ते तडक फोटो स्टुडिओत गेले.

पडद्यापाशी डॉ. मृदुला खांबेटे बसल्या होत्या. 'पाझर' हे प्रचाराचं ॲप त्यांनी तयार केलं होतं आणि ते कसं चालतं हे पाहायला त्या पुण्याहून आल्या होत्या. बाई तुसड्या नव्हत्या. त्यांनी तुळशीरामांना खुर्ची दिली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

"काका, त्या माठाला भोक आहे?"

"नाही."

"तरी बाहेरून ओला आहे. बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं. माणसाचं मन तसंच असतं. आम्ही उमेदवाराचं थेट सांगायला गेलो की ते घट्ट मिटतं. पण प्रत्येकाला एखादं असं माणूस असतं, ज्याचं बोलणं आत झिरपतं. त्या माणसाला आम्ही 'वाट' म्हणतो. पाझर फक्त वाट शोधतं."

"आणि त्या माणसाला पढवून पाठवतं?"

"नाही, पढवलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. वाटेला ती वाट आहे हे ठाऊकच नसतं." त्यांनी फोनवर एक पान उघडून पुढे धरलं. अनुसया तुळशीराम गवांदे. काठावरची. वाट: मुलगी. "तुमच्या मुलीच्या फोनवर आम्ही एका बाईचे कुरडया घालणारे हात दाखवले. दुसऱ्या दिवशी एक अंगाईगीत. मग बंद पडलेलं प्रसूतिगृह, जे शैलजाताई सुरू करणार आहेत. तिला आईची आठवण आली, तिनं फोन केला. जे नुकतंच पाहिलं होतं ते बोलण्यात आलं."

तुळशीरामांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. "म्हणजे आठवण खोटी?"

"आठवण खरी, काका. वेळ आमची."

"मग थांबवलं का?"

"तुम्ही टिक केलीत ना. काकू पक्क्या झाल्या. पक्क्या मतदारासाठी पाझर खर्च करत नाही. मुलीच्या फोनवर आता दुसरं काहीतरी दिसत असेल."

"टिक खोडा माझी. गोल करा."

डॉक्टर पहिल्यांदाच जरा अवघडल्या. "नुसती खूण खोडून भागणार नाही. पाण्याची वेळ कळावी म्हणून तुम्ही सगळ्यांनी 'नगरमित्र' ॲप घेतलंय, तेव्हा 'सहमत'वर बोट ठेवलंय. फोन जवळ असला की घरातलं बोलणं त्याला ऐकू येतं. काकूंच्या बोलण्यावरून त्या काठावर आहेत असं वाटलं, तरच पाझर पुन्हा सुरू होईल. तुमच्या गावचं ते 'बघू' शिकवायला आम्हाला चार महिने लागले."

घरी येईपर्यंत तुळशीराम स्वतःशीच भांडत होते. सांगावं तर लेकीच्या त्या अठरा दिवसांवर पाणी पडणार. न सांगावं तर बायको असंच अन्न टाकणार. आणि ज्या माणसानं आयुष्यभर गोलाच्या टिका केल्या, त्यानं आता घरच्या टिकेचा गोल करायचा. त्यांना मनापासून लाज वाटली, कशाची ते मात्र नेमकं सांगता आलं नसतं.

अनुसयाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. फोन बाजूलाच होता.

"यंदा मत कुणाला देणार?" तुळशीरामांनी विचारलं.

अनुसयाबाईंचे हात थांबले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारताय."

"सांग की."

"तुम्ही म्हणाल तिथं."

"तसं नको म्हणू."

"का बरं?"

तुळशीरामांनी फोन उचलून आतल्या खोलीत गादीखाली ठेवला, दार लोटलं आणि मग सगळं सांगितलं. माठ, वाट, कुरडयांचे हात, टिक. अनुसयाबाईंनी त्यांच्याकडे न बघता उरलेली जुडी निवडून संपवली.

"म्हणजे ती माझ्यासाठी फोन करत नव्हती," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच. पण त्यांनी ढकललं तेव्हा."

"आणि तुम्ही न ढकलता काय केलंत इतके दिवस?"

अनुसयाबाई उठल्या, गादीखालून फोन आणला, समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मताचं काय ते बघू." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

पुढचे चार दिवस त्या घरात आनंदही होता आणि धास्तीही होती. हर्षदा बोलायची, अनुसयाबाई प्रत्येक शब्द तोलून उत्तर द्यायच्या. चुकून 'हो' निघायला नको म्हणून कधी कधी साध्या प्रश्नालाही 'बघू' म्हणायच्या. तुळशीरामांच्या ध्यानात आलं की गल्लीत आपण एकटे नाही. शिंपिणीला रोज तिच्या भावाचा फोन येत होता आणि तीही मोठ्यानं 'बघू, बघू' म्हणत होती.

मतदानाच्या दिवशी चार वाजेपर्यंत केंद्र ओस होतं. मत पडलं की फोन थांबणार म्हणून की काय, शेवटच्या तासात वॉर्ड सातमधल्या बाया एकदम आल्या आणि मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. अनुसयाबाई त्यात होत्या. काहीतरी विसरल्यासारखं त्या पुन्हा पुन्हा पिशवी चाचपत होत्या. शैलजाताई निवडून आल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. दोघंही फोनसमोर बसून होते. साडेअकराला तुळशीरामांनी फोन उचलला आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा लेकीचा नंबर लावला.

"बाबा?" हर्षदाचा आवाज दचकलेला होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मीच लावला. माझं मला वाटलं म्हणून. त्या दिवशी मी तुझ्या लग्नाला यायला हवं होतं. यादी कुठं पळून जाणार नव्हती."



"बाबा, खरं सांगा. आज फोन उघडल्यावर काय दिसलं तुम्हाला?"

"काय दिसणार? पाण्याची वेळ." आणि मग त्यांना आठवलं. पाण्याच्या वेळेच्या आधी एक जुना फोटो वर आला होता. बर्फाच्या डोंगरांच्या पडद्यापुढे, दोन वेण्या घातलेली सहा वर्षांची हर्षदा. तो बघून त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझा एक फोटो होता," ते म्हणाले.

"आमच्याकडे पुढच्या महिन्यात महापालिकेचं मतदान आहे," हर्षदा हळूच म्हणाली. "इथं सगळ्यांनाच घरून फोन येतायत. शेजारणीला तिच्या मामाचा आला, सात वर्षांनी. मी अजून कुणाला द्यायचं ते ठरवलेलं नाही, बाबा."

"मी मताचं काही बोलणार नाही. शप्पथ."

"तुम्हाला बोलायचं नसतंच. ते आपोआप निघतं."

ही ओढ आपलीच आहे असं तुळशीरामांना ठामपणे सांगायचं होतं. "उद्या लावू का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बघू, बाबा."

"काय म्हणाली?" अनुसयाबाई पुढे सरकल्या.

"बघू म्हणाली."

"कसलं बघू?"

फोनवर नजर दिसत नाही, आणि चहाचं तर तिनं विचारलंच नव्हतं. तुळशीरामांनी फोन पुन्हा कानाला लावून पाहिला. तिकडून तो केव्हाच बंद झाला होता.