नको म्हणणारा वकील

विक्रीला काढलेलं घर बघायला गेल्यावर दारात बूट काढणारे आम्ही दोघंच निघालो.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली एप्रिलची दुपार, बाहेर रिपरिप. ओपन हाउसला आलेली मंडळी चिखलाच्या बुटांनी बिनदिक्कत गालिच्यावर फिरत होती. मी सवयीनं बूट काढले, तर भिंतीशी आधीच एक जोड नीट लावलेला होता. आत स्वयंपाकघरात एक उंच माणूस मोज्यांवर उभा राहून सिंकचा नळ सोडून बघत होता.

"पाण्याला प्रेशर चांगलं आहे," तो मराठीत म्हणाला.

"मी मराठी आहे हे पायांवरून कळलं?"

"नाही. बूट काढताना 'आई गं' म्हणालात."

"तुम्ही पण घेताय हे घर?" मी जरा धास्तावूनच विचारलं. पश्चिमेची ती मोठी खिडकी पाहिली तेव्हाच मी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं होतं.

"छे. मी वकील आहे. आठवडाभर घरांचे कागद वाचतो. संडेला वाटतं, एखादं घर खरंच कसं असतं ते बघावं." हसताना तो मान खाली घालायचा, परवानगी न घेता हसल्यासारखा. "या खिडकीतून संध्याकाळी मस्त ऊन येईल. पडदे नका लावू."

"हा वकिलाचा सल्ला आहे?"

"नाही... हा फुकटचा आहे."

जाताना त्यानं कार्ड दिलं. सौमित्र पाळंदे. ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आणि उगाचच दोनदा काढून पाहिलं.

मी प्रणिता. नागपूरची, इथल्या एका औषध कंपनीत स्टॅटिस्टिशियन. बाबांचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला. आमच्या कुटुंबात कुणाच्या नावावर घर होणार होतं ते पहिल्यांदाच, आणि ते नाव माझं असणार होतं. त्यामुळे माझी ऑफर मान्य झाली त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकटीच नाचले.

संध्याकाळी माझ्या एजंट नीलामावशींचा फोन आला. "सह्या झाल्या ना? आता न्यू जर्सीत तीन दिवस मिळतात. तेवढ्यात वकील करून काँट्रॅक्ट तपासून घे, नाहीतर आहे तस्सं पक्कं होतं. आणि बाई, वकील स्वस्तातला नको, चांगला बघ."

"आहे माझ्याकडे एक."

"अच्छा..." मावशींनी ते इतकं लांबवलं, की मला फोनवरही लाजायला झालं.

दुसऱ्याच दिवशी मी सौमित्रच्या ऑफिसात गेले. त्यानं स्वतः चहा केला, बराच फिका. मग अर्धा तास मीच बोलत होते. घराबद्दल, बाबांबद्दल, नागपूरच्या उन्हाबद्दल. तो ऐकत होता, आणि असं ऐकून घेणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. शेवटी त्यानं नवी फाइल काढली, पेन उघडलं.

"पूर्ण नाव?"

"प्रणिता दादाराव मेश्राम."

पेन 'प्रणिता'पर्यंत गेलं आणि थांबलं. त्यानं हळूच टोपण लावलं.

"सॉरी... मी तुमची केस नाही घेऊ शकत."

"का?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. मिसेस कॉफमनकडे जा. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. मी त्यांना लगेच फोन करतो."

आडनाव ऐकून बदललेले चेहरे मी लहानपणापासून पाहत आलेय. एका घरमालकिणीचा, एका मैत्रिणीच्या आजीचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि इथे मी न फुंकताच घोट घेतला होता. गाडीत बसून मी खूप रडले. वकिलाला काय तोटा, दुसरा मिळतो. पण तो मला आवडला होता.

कॉफमनबाई पांढऱ्या केसांच्या आणि करवतीच्या धारेच्या निघाल्या. मुदतीच्या आत त्यांनी काँट्रॅक्टचं अक्षर न् अक्षर वाचलं, गळक्या छताचा खर्च मालकाच्या गळ्यात घातला. मग एकदा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सौमित्रनं तुला माझ्याकडे का पाठवलं?"

"त्याला माझी केस नको होती."

"तो कुणालाच नाही म्हणत नाही. फी बुडवणाऱ्यांनासुद्धा नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, फक्त क्लोजिंग झालं की मला सांगा."

मी गोंधळले. रात्री बाबांना फोनवर सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "असेलही तू म्हणतेस तसं. पण मनात कुढत नको बसू, बेटा. तोंडावर विचार. उत्तर वाईट आलं तरी तुझं घर तुझंच आहे ना."

जूनमध्ये क्लोजिंग झालं, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर माझ्या नावावर झालं. किल्ली हातात आली आणि मी सौमित्रला फोन लावला. "क्लोजिंग झालं. घर बघायला या. एक प्रश्न विचारायचाय."

तो इतक्या लवकर आला, की बहुतेक सिग्नल पाळले नसावेत. मी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"माझं आडनाव ऐकून तुमचं पेन का थांबलं?"

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"तुम्हाला इतके दिवस... असं वाटत होतं?"

"दुसरं काय वाटणार?"

"फाइलवर पूर्ण नाव लिहिलं असतं, तर तुम्ही माझ्या क्लायंट झाला असता. आणि क्लायंटला वकिलानं... कॉफीला चला, असं म्हणायचं नसतं. 'प्रणिता' लिहिलं आणि वाटलं, अजून थांबता येईल."

"मग तेव्हाच सांगायचं."

"घरासाठी तुमचा जीव टांगणीला लागला होता. त्यात मी आपलं घोडं पुढे दामटायचं?" तो म्हणाला. "आडनावाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं. मला कधी कुणी आडनावावरून अडवलं नाही ना, म्हणून नाही आलं. चुकलं माझं."

दोन महिने जपलेला राग, तो आता कुठे ठेवायचा हे कळेना. डोळे भरून आले ते मात्र लपले नाहीत.

"उरलेलं नाव आठवतंय?" मी विचारलं.

"प्रणिता दादाराव मेश्राम," तो म्हणाला. "पाठ आहे मला."

"म्हणजे आता तुम्ही माझे वकील नाही."

"कधीच नव्हतो."

"मग मला अहो-जाहो कशाला?... आत ये."

त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आपला जोड माझ्या जोडाशेजारी लावला. घरात अजून एक खुर्चीही नव्हती. आम्ही पश्चिमेच्या खिडकीखाली जमिनीवरच बसलो. ऊन सरळ तोंडावर येत होतं. त्यानं हळूच, विचारल्यासारखा, आपला हात माझ्या हाताशेजारी टेकवला. मी तो धरला.

"डोळ्यांवर येतंय तुझ्या," तो म्हणाला. "पडदे आणू या?"

"नको," मी म्हटलं. "वकिलानं नको सांगितलंय."