तिच्या नावाची मयत

रेडिओवर स्वतःच्या मरणाची बातमी लागली तेव्हा डेल्फिना आरिस्पे कोपरापर्यंत मक्याच्या पिठात हात घालून उभी होती. निवेदकाने आधी घसा साफ केला, मग भरल्या आवाजात सांगितलं, की सॅन अँटोनिओच्या लाडक्या आरिस्पे भगिनींपैकी थोरली डेल्फिना काल किंग्जव्हिलच्या रस्त्यावर मोटार उलटून देवाघरी गेली; धाकटी एल्विरा हातावरच्या जखमेनिशी बचावली... आणि मग त्याने दोघींचं गाणं लावलं. वरती एल्विराचा तो लखलखता पहिला आवाज, आणि त्याच्या खालून कुणाच्या लक्षातही न येता चालणारा दुसरा आवाज. तो दुसरा आवाज आता मेला होता, आणि त्याचं नाव डेल्फिना होतं!

पिठातले हात तसेच राहिले. खरं तर डेल्फिनाला मरून एकवीस वर्षं झाली होती. बातमी तेवढी आज लागली.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि एल्विरा एकोणीसची. दोघींची पहिली तबकडी निघाली, जिथे तिथे वाजली, मोठ्या दौऱ्याची पत्रकं दोघींच्या नावांनिशी छापून भिंतींवर चिकटली, आणि नेमकी त्याच आठवड्यात आई अर्धांगाने आडवी झाली. वडील नव्हतेच. दोघींपैकी एकीने राहणं भाग होतं, आणि कुणी राहायचं याची चर्चाही त्या घरात झाली नाही. पहिल्या आवाजावाचून गाणं होत नाही; दुसरा आवाज काय, कुठेही मिळतो. "तू जा, आईला मी बघते," असं डेल्फिना हसून म्हणाली, आणि बस वळणाआड गेल्यावर परसात जाऊन पोटभर रडली.

दुसरा आवाज खरंच मिळाला. सीमेपलीकडून आलेली एक पोरगी, साधारण तिच्याच अंगलटीची. पत्रकं छापून झाली होती, लोकांच्या तोंडात नावं बसली होती, म्हणून त्या पोरीला नावही तेच दिलं. एवढा दौरा आटपेपर्यंत, असं एल्विराने पत्रात लिहिलं होतं. तो दौरा एकवीस वर्षं चालला! आई दहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, मग गेली. तिच्या मयतीला काळ्या जाळीच्या ओढणीत आलेली एल्विरा दोन तास थांबली आणि 'आता तू चल' हे तीन शब्द न बोलता परत गेली. पुढे डेल्फिना शिवणाची मशीन घेऊन गावाच्या पश्चिम भागात राहायला आली. तिथे तिला सगळे नुसतं फिना म्हणत. चुकून कुणी पूर्ण नाव विचारलंच, तर म्हणत, "अगंबाई, त्या गाणारीचं नाव तुझं!" आणि ती मान हलवून टाके. आपल्याच नावाची उसनवारी केल्यासारखं तिला ओशाळं व्हायला होई... आणि रात्रंदिवस, अगदी प्रार्थना करतानाही, त्या न पाहिलेल्या बाईचा द्वेष तिच्या काळजात धुमसत राही.

मंगळवारी त्या बाईला पुरलं. डेल्फिना गेली नाही. आपल्याच मयतीला कोण जातं?

त्याच संध्याकाळी एल्विरा दारात उभी राहिली. हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावरची रंगरंगोटी उतरलेली. एकाएकी म्हातारी दिसत होती. आल्या आल्या ती बहिणीच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली, कॉफी प्यायली, पुन्हा रडली आणि मग हळूहळू जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्या बाईला आईच्या शेजारची जागा दिली होती. क्रुसावर डेल्फिनाचं नाव घातलं होतं. शुक्रवारी, मृतांच्या दिवशी, देवळात मृतांची नावं वाचतात त्या यादीतही तेच नाव दिलं होतं. आता एवढंच राहिलं होतं, की ताईने काही महिने लारेडोच्या मावशीकडे जाऊन राहावं. पेपरवाले हुंगत फिरत होते. खरं बाहेर आलं, तर एकवीस वर्षं लोकांना फसवलं म्हणून तेच लोक एल्विराला दगड मारतील.

"म्हणजे मी मेलेलीच राहायचं," डेल्फिना म्हणाली.

"ताई, ते नाव तुझं आहे, हे तसंही कुठे कुणाला ठाऊक आहे गं..."

ती हे दुष्टपणाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. आणि तरी डेल्फिना हो म्हणाली. जन्मभर हो म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडात दुसरा शब्द पटकन येत नाही.

एल्विरा पेपरवाल्यांना चुकवत तिथेच राहिली. पण त्या रात्रीपासून घर डेल्फिनाला खायला उठलं. मृतांच्या दिवसासाठी तिने परंपरेप्रमाणे आईचा फोटो मांडला, झेंडूची फुलं वाहिली, मक्याच्या पिठाचे उकडलेले तामाले, गोड पाव, पाण्याचा पेला ठेवला. सकाळी पाहावं तर पेला अर्धा रिकामा. इस्त्री करताना ती सवयीने गुणगुणायला लागली, की तिच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज लागे. ती दचकून थांबली तरी तो श्वासभर पुढे चालत राही आणि मग थांबे. आई सांगायची, की मेलेल्याला ज्या नावाने हाक मारावी त्या नावाच्या घरी तो येतो. आणि सगळं सॅन अँटोनिओ तर फुलं वाहून, मेणबत्त्या लावून 'डेल्फिना, डेल्फिना' अशी हाक मारत होतं! मग ती बिचारी जाणार कुठे? त्या नावाचं घर हे एकच होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुणीतरी ताटकळत उभं आहे, आत ये म्हणण्याची वाट पाहतं आहे, असं डेल्फिनाला सारखं वाटे. पण तिला ये म्हणायला तिचं खरं नाव कुठे माहीत होतं? एल्विराला विचारलं, तर तिने "आता कशाला ते?" म्हणून तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी लारेडोची बॅग भरून दाराशी ठेवली होती. देवळाची पहिली घंटा व्हायला तासभर होता, आणि दारावर थाप पडली.

बाहेर एक म्हातारी उभी होती. धुळीने माखलेले बूट, डोक्यावरून काळी शाल, हातात घडी घालून घालून फाटायला आलेला पेपरचा तुकडा. तिने नाव सांगितलं, निकानोरा सेपेदा. सीमेपलीकडून, पिएद्रास नेग्रासहून रात्रभर बसने आले, म्हणाली. बाजारात कुणीतरी कांदे या कागदात बांधून दिले होते. तिने तो उलगडला आणि फोटोतल्या दोघींपैकी एकीवर बोट ठेवलं.

"ही माझी लेक. नवऱ्याच्या माराला कंटाळून नदी ओलांडून गेली ती गेलीच. एका मोठ्या घरी कामाला आहे, एवढंच कळवायची. गाते म्हणून कधी बोलली नाही. देवळाबाहेर फुलवाली म्हणाली, दुसरी गाणारी या घरात शिरताना दिसली. ती गेली म्हणतात, ते खरं का?"

डेल्फिनाने मान हलवली. म्हातारी रडली नाही. रडून झालं असावं.

"मला वाचता येत नाही, पोरी. बसमध्ये एकाने हे वाचून दाखवलं, तर भलतंच नाव सांगितलं मेल्याने. म्हटलं, यालाच धड येत नसेल वाचता. आज तिला हाक मारायची ना... तू बघ बरं. हिलारिया असंच छापलंय ना?"

हिलारिया... एवढंच होतं तर ते नाव! उंबऱ्याशी ताटकळणाऱ्या त्या सावलीला एकदम चेहरा आला, आई आली. डेल्फिनाने कागद हातात घेतला. त्यावर तिचंच नाव होतं, ठळक काळ्या अक्षरांत. तिला काही वाचवेना. "बसा आजी, आधी कॉफी घ्या," म्हणून तिने म्हातारीला खुर्चीत बसवलं आणि ती आत गेली. पडद्यामागे एल्विरा भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तिला सांग, घर चुकलीस," एल्विरा कुजबुजली. "ताई, पाया पडते तुझ्या."

"नाही सांगणार."

एल्विराने असं तिच्याकडे पाहिलं, जणू भिंत बोलली होती. ताईच्या तोंडून 'नाही' हा शब्द तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"माझं नाव तू नेलंस, मी ब्र काढला नाही," डेल्फिना म्हणाली. तिचा आवाज खाली आला नाही. "अजून हवं असेल तर ने, मी लारेडोला जाते. ते माझं होतं, मी दिलं. पण ती पोर बाहेर बसलेल्या त्या आईची आहे. तिचं नाव मी कशी देऊ गं तुला? आई गेल्यावर मला बोलावलं नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही. आज विचारते."

 एल्विराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तिला कुठे पाठवू, ताई? कागद नाही, घर नाही. नाव तेवढं होतं, तेही मीच पुसलं. तुला बोलावलं असतं, तर ती कोण उरली असती? आणि खरं सांगू... तुझ्यासमोर उभं राहायची छाती नव्हती माझी."

"मग आज राहा. मी आजींना घेऊन देवळात चालले. तू काय करायचं ते तुझं तू ठरव."

देऊळ झेंडूच्या आणि मेणाच्या वासाने भरलं होतं. डेल्फिना म्हातारीला घेऊन मागच्या बाकावर बसली. एल्विरा कुठे दिसेना. इथे नावं आडनावांच्या क्रमाने वाचायची रीत होती. नाव वाचलं, की त्या घरच्यांनी उभं राहायचं. फादरनी कागद डोळ्यांजवळ धरला. आबिला झालं, आल्देरेते झालं... डेल्फिनाने म्हातारीचा हात धरला. आता माझं नाव येणार. आता मी देवासमोर, माणसांसमोर मरणार, आणि ही शेजारची माय आपल्या लेकीची वाट पाहत तशीच बसून राहणार!

"आरिस्पे, बेआत्रिस," फादरनी वाचलं. ती आई. डेल्फिना कशीबशी उभी राहिली, पुन्हा बसली. फादर किंचित थांबले, चष्मा सारखा केला. देवळातल्या कितीतरी माना पुढे झाल्या. कितीजण तर तेवढ्या एका नावासाठी फुलं घेऊन आले होते.

"बालदेरास, मेल्चोर."

कुजबुज उठली. यादी चुकली की काय म्हणून लोक एकमेकांकडे पाहू लागले.  बानुएलोस, कारियो, कासियास... एकेक घर उभं राहत होतं, बसत होतं.

"सेपेदा, हिलारिया."

म्हातारी शाल सावरत उठली. डेल्फिनाचा हात तिच्या हातात होता, म्हणून तीही उठली. आणि अगदी पुढे, वेदीच्या बाजूच्या दारातून नुकतीच आलेली, गळ्यात हात बांधलेली एल्विरा आरिस्पे सगळ्या गावासमोर उभी राहिली. तिने ओढणी चेहऱ्यावरून मागे टाकली. लोकांना कळायला दोन क्षण लागले. मग कुणीतरी "खोटारडी!" असं दबक्या आवाजात म्हणालं, एक बाई हातातली फुलं बाकावर टाकून तरातरा बाहेर निघून गेली, पेपरवाल्याने वही काढली. एल्विरा मान खाली न घालता यादी संपेपर्यंत उभीच राहिली. ज्या लोकांच्या टाळ्यांवर ती एकवीस वर्षं जगली होती, त्यांच्या डोळ्यांतली तिची जागा पुसली जात होती आणि ती ते पाहत होती... डेल्फिनाला वाटलं, धावत जाऊन तिला कवटाळावं. पण म्हातारीचा हात तिला सोडवेना.

कबरस्तानात आज सगळीकडे माणसं होती, घरोघरचे डबे उघडले होते, पोरं थडग्यांमधून पळत होती. आरिस्पे बहिणींच्या जवळ मात्र कुणी आलं नाही. ताज्या मातीशी पोहोचताच एल्विरा गुडघ्यांवर बसली आणि एका हाताने तो लाकडी क्रूस उपटायला लागली. तो हलेना. डेल्फिना शेजारी बसली, तिने दोन्ही हात लावले आणि दोघींनी मिळून तो काढला. एल्विराने बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आता मला कुणी बोलावणार नाही गं गायला," ती म्हणाली. डेल्फिना म्हणाली, "नाही बोलावलं तर नाही. घर आहे." बस, एवढंच, एकवीस वर्षांनंतर दोघींना याहून जास्त बोलावंसं वाटलं नाही.

म्हातारी हे सगळं पाहत होती.

"काय लिहिलं होतं गं त्याच्यावर?" तिने विचारलं.

"डेल्फिना आरिस्पे," डेल्फिना म्हणाली.

"ती कोण?"

"मी."

वारा पडला होता. म्हातारीने मातीकडे पाहिलं, हातातल्या पेपरच्या तुकड्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ डेल्फिनाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. बसमधल्या माणसाला वाचता येत होतं, हे तिच्या आता ध्यानात आलं असावं. ती खाली वाकली आणि तिने आपला सुरकुतलेला हात डेल्फिनाच्या गालावर ठेवला.

"म्हणजे माझी पोर एवढी वर्षं तुझ्या नावावर जगली," ती अगदी हळू, संकोचत म्हणाली. "पोरी, खरं सांग हं मला. तिने तुझ्या नावाला कधी बट्टा तर नाही ना लावला?"

एकवीस वर्षं जपलेला द्वेष डेल्फिनाने आत शोधून पाहिला. तो तिला कुठेच सापडला नाही.

"नाही, आई," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तिनेच ते चांगलं सांभाळलं."