डावा कान

कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असतानाच तिला कानांच्या दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. नुसती पुस्तकं वाचून काय होतंय, हात बसला पाहिजे, असं वडील म्हणाले. हात लवकर बसला. पेशंटला काचेच्या खिडकीमागच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर यंत्रापाशी बसून बारीक-मोठे आवाज सोडायचे. ऐकू आलं की पेशंट बटण दाबणार, यंत्रावर हिरवा दिवा लागणार. दवाखाना चालवणाऱ्या मॅडम तिच्यावर तपासण्या सोपवून निर्धास्त झाल्या.

एका दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. खोलीच्या मऊ भिंतींना बोट लावून म्हणाल्या, "अगं, ही तर चारी बाजूंनी गादीच शिवलीय!"

उजव्या कानालाच फार वेळ गेला. आजी आवाज नसतानाही बटण दाबायच्या, मधेच गप्पा मारायच्या. खाली मैत्रिणी ताटकळत होत्या. या वयात दोन्ही कान सारखेच उतरतात, असं मनाशी म्हणत तिनं उजव्याचेच आकडे डाव्यालाही लावून टाकले. त्याच आकड्यांवर दोन्ही कानांना ऐकण्याची मशीनं बसवली.

काही दिवसांनी आजी परत आल्या. "डाव्याचं काही कळतच नाही गं."

"सवय व्हायला वेळ लागतो, आजी. घालत राहा."

"बरं बाई. तू शिकलेली."

त्यानंतर आला तो आजींचा मुलगा. त्यानं मशीनची डबी टेबलावर ठेवली.

"आई गेली. रस्ता ओलांडत होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, सगळ्यांनी ऐकला."

"कुठल्या बाजूनं आला?" तिनं विचारलं. मॅडमनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"डावीकडून." तो डबीवरून हात फिरवत राहिला. "तुमचं फार कौतुक करायची. हे कुणा गरजूला द्या."

तिनं डबी घेतली. मॅडमना सांगून टाकायचं, असं ती रोज घरून ठरवून निघायची आणि त्या समोर आल्या की पुढच्या पेशंटला हाक मारायची.

एकदा मॅडम जेवायला गेल्या असताना ती यंत्र तपासायला बसली. खोली रिकामी, दार बंद. सवयीनं तिनं उजव्या बाजूला एक आवाज सोडला.

हिरवा दिवा लागला.

बटण अडकलं असेल म्हणून ती आत जाऊन पाहून आली. बटण हुकाला लटकत होतं, अडकलं नव्हतं. तिनं दार लावलं, परत येऊन बसली. दिवा बंद होता. तिनं आवाज सोडला. थोडं थांबून, म्हाताऱ्या अंगठ्यानं दाबावं तसा, दिवा लागला. आवाज बारीक केला. लागला. आणखी बारीक केला. मधेच आवाज नसतानाही एकदा लागून गेला. आणि त्या दुपारी आजींचा उजवा कान जिथे थांबला होता, नेमका तिथेच दिवाही थांबला.

पळावंसं वाटलं, पण खुर्चीतून उठवेना. ही तपासणी अर्धी राहिली होती आणि ती कुणी सोडली होती, हे तिला ठाऊक होतं.

तिनं कळ डावीकडे फिरवली.

आवाज सोडला. दिवा नाही.

वाढवला. नाही.

आणखी वाढवला. यंत्राची हद्द आली. काचेपलीकडे हेडफोनमधली शिट्टी आता तिला बाहेरही ऐकू येत होती. दिवा मात्र लागेना. तिचे डोळे भरून आले.

मग यंत्रातला छोटा स्पीकर खरखरला. खोलीत बसलेल्या पेशंटचं बोलणं त्यातूनच बाहेर येतं.

"पोरी, सुरू केलंस का गं?"