बोट उचला

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई राहते, अशी अफवा होती. अफवा मीच उठवलेली. आणि बाई म्हणजे माझी बायको.

तिच्याकडे गाणी ऐकायचा एक प्लेअर होता. काडेपेटीएवढा, राखाडी. पाठीला चिमटा, पुढे एक गोल बटण, वर टिचभर पडदा. लोकांनी पाच-पाच मोबाइल बदलले, हिनं ती डबी काही सोडली नाही. घरी शिलाई करायची ती. पडदे, गाद्यांच्या खोळी, गणवेश, येईल ते. डबी कॉलरला अडकवलेली, एक बोंड कानात आणि दुसरं गळ्यात लोंबतं. ते माझं. दुपारी जेवायला घरी आलो की मी स्टूल ओढून तिच्या मशीनला चिकटून बसायचो आणि ते बोंड कानात घालायचो. वायर आखूड, त्यामुळे भांडण झालं तरी लांब जाता यायचं नाही.

त्या डबीत आवाज भरायचीही सोय होती, आणि बोंडं काढली की ती स्वतःच मोठ्यानं वाजायची. बटण टिचकन दाबून सोडलं की गाणं वाजतं. दाबून धरलं की बटणालगत लाल दिवा लागतो, आणि जोवर अंगठा बटणावर, तोवर समोरचा आवाज आत जातो. आता माझ्यासारख्याच्या हातात असलं काही दिल्यावर मी काय देवपूजा करणार? बायको माझ्यावर ओरडायला लागली की मी मागनं हळूच भरून घ्यायचो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एक दिवस डबी वाजती करून लिफ्टच्या बटणांच्या पट्टीमागे ठेवून दिली. पहिला बकरा माझा मेव्हणा. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, देह असा की लिफ्टला वजनाची काळजी वाटावी. दार लागलं आणि भिंतीतनं आवाज आला, "दार नीट लावा! हात काय घरी ठेवून आलात?" मेव्हणा वरच्या मजल्यावर उतरला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

"भाऊजी, एक दिवस खरंच काहीतरी होईल ना, तर तुमच्यावर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही," तो म्हणाला.

बायको डोक्याला हात लावून बसली. "अहो, वय काय तुमचं?" पण ओठ दाबून हसत होती. मी तर लोळत होतो. माझं हसणं म्हणजे नाकातनं फुस्स करून सुरू होतं आणि शेवटी बारीक शिट्टी वाजते. ती म्हणायची, "झालं, पंक्चर झालं."

मग एका सकाळी मशीन चालू राहिलं आणि ती त्याच्यावर वाकली ती वर आलीच नाही. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर सुई एकाच जागी खालीवर होत होती, कापडाला भोक पडलं होतं. पाय पायट्यावर तसाच. कानातल्या बोंडातनं गाणं बारीक वाजत होतं.

डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. श्वास आहे, बाकी काही नाही. हिरवट पडद्याआडचा पलंग, तिच्या बोटाला लावलेला चिमटा, तोंडात नळी. पलंगाखाली कुणाचा तरी विसरलेला स्लीपर. तो मी रोज बघायचो, कारण वर बघवत नव्हतं.

"ओळखीचे आवाज ऐकवा," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी उपयोग होतो."

मी डबी आणली.

इथं एक गोष्ट धंद्याची सांगतो. दुरुस्तीच्या वेळी आम्ही लिफ्टच्या टपावर उभे राहून ती चालवतो. टपावर बटण असतं. दाबून धरलं तरच लिफ्ट हलते, बोट उचललं की जागच्या जागी उभी. त्यामुळे आमच्या अंगठ्याला एकच शिकवण, काम होईपर्यंत सोडायचं नाही. डोकं दुसरीकडे असलं तरी अंगठा दाबूनच धरतो.

मी दोन्ही बोंडं तिच्या कानात घातली, डबी तिच्या ओठांशी उशीवर ठेवली आणि बटण दाबलं. धरून ठेवलं. भेटीची वेळ संपेपर्यंत. मला वाटत होतं की तिला तिची गाणी ऐकू येताहेत. लाल दिवा माझ्याच अंगठ्याखाली झाकलेला.

रोज तेच. सिस्टर एकदा म्हणाली, "काका, हात दुखेल."

"दुखू दे," मी म्हणालो.

आठवडा गेला असेल. एका दुपारी मी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या टपावर बसलो होतो. तारांना वंगण लावून झालेलं, डबा उघडला पण घास जाईना. डबी काढली, बोंड कानात घातलं. टिचकन दाबलं.

गाणं नव्हतं. आधी खरखर. पलंगाजवळच्या यंत्राचं टुक टुक. चूक माझ्या ध्यानात आली. एवढे दिवस तिला काहीच ऐकवलं नव्हतं. उलट भरून घेत होतो.

मग टुक टुक थांबलं आणि ती बोलली.

"अहो? लाइट गेले का?"

माझा डबा टपावरनं खाली शाफ्टमध्ये पडला. बराच वेळ आपटत गेला.

"तुमचा आवाज येतोय, पण भिंतीपलीकडनं आल्यासारखा. इथं बसायलासुद्धा काही नाही हो. मशीन बंद केलंत का?"

मी तसाच दवाखान्यात पळालो, हाताला वंगण. ती पडून होती, तोंडात नळी. या तोंडातनं शब्द निघालेला नाही हे मला शपथेवर ठाऊक होतं. मी डबी तिच्या कानाशी लावली आणि या वेळी नीट दाबून सोडली. मनात एकच होतं, जे आत गेलंय ते परत घाल. पण गडबडीत भलतंच वाजलं. लिफ्टमधलं.

तिचे डोळे उघडले.

सगळे धावले. नळी काढली. मेव्हणा दारात उभा राहून चष्मा काढून रडत होता. तिनं आमच्याकडे बघितलं, ओठ ओले केले.

"दार नीट लावा," ती म्हणाली. "हात काय घरी ठेवून आलात?"

मेव्हणा हसता हसता रडला, रडता रडता हसला. सिस्टरनंसुद्धा डोळे पुसले. मी जवळ उभा होतो, म्हणून पुढचं मलाच ऐकू आलं. वाक्य संपल्यावर तिच्या घशातनं बारीक खटखट आली. शिलाई मशीनची. मी ते वाक्य भरलं तेव्हा मागे मशीन चालू होतं.

घरी आणली. चालायला लागली, जेवायला लागली, शिवायलासुद्धा बसली. टाका पूर्वीपेक्षा सरळ. बोलायची तेवढंच, जेवढं मी कधीतरी डबीत भरलं होतं. "अहो, वय काय तुमचं?" "चहा थंड होतोय." "माझी गाणी पुसलीत तर बघा." आणि गंमत अशी की कुणालाच काही कळलं नाही. घरात माणूस बोलतो तरी किती? त्याच त्या चार वाक्यांवर अख्खा संसार निघतो.

डबी मी खिशात ठेवायचो. गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूममध्ये चढलो की दार लावून विचारायचो, "कशी आहेस?" अंगठा दाबून धरायचा, थोडं थांबायचं, मग वाजवायचं. उत्तर यायचं.

"कंटाळा आला. थंडी नाही, पण ऊबही नाही."

"तुमच्याबरोबर घरी कोण आहे हो? बाईची चाहूल लागते."

"इथनं काढा मला. थट्टा पुरे आता."

थट्टा! तिला वाटत होतं की मीच कोंडलंय.

डबीची बॅटरी म्हातारी झालेली. सकाळी भरावी तर संध्याकाळपर्यंत पडद्यावर शेवटची रेघ. बॅटरी बदलता येत नाही, डबी बंदच केलेली आहे सगळीकडनं. मी ज्या दुकानात दाखवली तिथला पोरगा म्हणाला, "काका, फेका, नवी घ्या." मी त्याची गचांडी धरणार होतो.

शेवटी मेव्हण्याच्या दुकानात गेलो. सगळं सांगितलं. सगळं, शाफ्टमध्ये डबा पडला तेसुद्धा. त्यानं भिंगाचा ट्रे खाली ठेवला.

"भाऊजी, ताई मरता मरता वाचली. आणि तुम्हाला अजून हेच सुचतंय?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा सोडा. लिफ्टमध्ये घाबरवलंत तेव्हाही माझ्याच गळ्याची शपथ घेतली होतीत."

"एकदा कानाला लाव. एकदाच."

"घरी येतो उद्या दुपारी, चहाला. तिच्यासमोर काढा हे. बघू हिंमत."

दुसऱ्या दुपारी तो यायच्या आधी मी ठरवलं, डबीतली ती परत तिच्यात घालायची. ती मशीनसमोर खुर्चीत टेकून झोपली होती. खिडकीतनं ऊन थेट तिच्या हातांवर. मी स्टूल ओढलं, नेहमीसारखा चिकटून बसलो. एक बोंड तिच्या कानात घातलं, एक माझ्या. बाई गं, ये बाहेर, म्हटलं. डबी मांडीवर घेतली, टिचकन दाबलं आणि अंगठा उचलायला गेलो.

उचलता आला नाही.

तिचा हात माझ्या हातावर होता. डोळे मिटलेलेच. तिचा अंगठा माझ्या अंगठ्यावर, शांतपणे दाबलेला, कापड धरतात तसा.

माझ्या नखातनं लाल उजेड दिसायला लागला.

कानातल्या बोंडात ती ओरडत होती. खरी ती. "अहो, बोट उचला! उचला ना बोट!"

मी ओढत होतो. स्टूल पडलं. तो हात हलला नाही.

"बोट उचला!"

दाराची घंटा वाजली. तिनं हात काढून घेतला, डोळे उघडले, पदर सारखा केला.

"चहा थंड होतोय," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मेव्हणा आत आला तेव्हा मी जमिनीवर होतो. बोंड त्याच्या कानात कोंबलं आणि बटण दाबून सोडलं. त्याचा चेहरा आधी उतरला. पांढरा पडला. मला वाटलं, सुटलो! कुणीतरी एक माणूस आता माझ्याबरोबर आहे.

मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. बोंड काढून त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"कमाल आहे बुवा तुमची! क्षणभर फसलो मी. तिचा आवाज अगदी हुबेहूब काढलात. पण निदान मागे स्वतः तरी हसायचं नाही ना!"

"कोण हसतंय?"

"तुम्हीच की. ती बोट उचला, बोट उचला ओरडतेय आणि मागे तुमचं पंक्चर. फुस्स, फुस्स, शिट्टी."

मी डबी हिसकावली. ऐकलं. होतं.

मी दवाखान्यापासून एकदाही हसलो नव्हतो. आता हसून बघितलं, त्याच्यासमोरच. तोंड उघडलं, पोट हललं. नुसता वारा आला. पुन्हा केलं. मेव्हणा आधी हसला, मग थांबला. "भाऊजी, पुरे."

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला, आणि ती हसली. नाकातनं. शेवटी बारीक शिट्टी.

"घ्या," मेव्हणा म्हणाला, त्याला केवढं बरं वाटलं होतं. "आता ताईसुद्धा तुमच्यासारखीच हसायला लागली!"

त्याला आता खालपर्यंत सोडून आलोय. लिफ्ट वर आणली आहे आणि मशीन रूमचं दार लावून बसलोय. डबीच्या पडद्यावर शेवटची रेघ आहे. वायर बोर्डाला लावली आहे, पण रेघ वाढत नाही. मी विचारलं, "आहेस ना?" अंगठा धरला, सोडला, वाजवलं.

बराच वेळ नुसती खरखर. मग ती हळू आवाजात बोलली. जवळ कुणी बसलं असताना बोलतात तसं.

"अहो, इथं कुणीतरी हसतंय. सकाळपर्यंत नव्हतं. आधी लांब होतं, आता शेजारीच आलंय. तुम्हीच आहात ना?"